पोंगा ओढू नये

माझा बाप नारळावरून पडला, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसणारच. आमच्या वाशीम जिल्ह्यात नारळावरून पडायचं तर आधी नारळाचं झाड तरी असायला हवं. इथे सोयाबीन आहे, तूर आहे, हरभरा आहे. नारळ दिसतो तो किराणा दुकानाच्या पोत्यात, नाहीतर मारुतीच्या पायरीशी फुटलेला. पण रिठदला आमच्या घरामागे एक झाड आहे, आणि माझे बाबा, शालिग्राम, वय वर्षं त्र्याहत्तर, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी शिडीवरून त्याच झाडाच्या बुडाशी पडले. नारळ काढायला चढले नव्हते. त्या झाडाने आजवर एक नारळ दिलेला नाही. ते चढले होते झाडाला पांघरूण घालायला.

मांडीचं हाड मोडलं. वाशीमच्या दवाखान्यात सळई टाकली आणि आठव्या दिवशी मी त्यांना रिसोडला माझ्या घरी आणलं. मी मंजुषा, त्यांची एकुलती एक लेक. रिसोडला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, माझे मालक विनोद मोटारपंप दुरुस्त करतात. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी स्वतःच सांगून टाकते, कारण गावात कोणालाही विचारलं तरी तो तेच सांगेल.

आणि त्या झाडावर तर माझा फारच राग होता.

नारळ मूळचा समुद्राकाठचा. आमच्याकडचा उन्हाळा तो सोसतो, पाणी दिलं की झालं. थंडी मात्र त्याच्या जिवावर येते, आणि डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा सात-आठवर उतरतो. बाबांनी झाड लावलं ते न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, दक्षिणेच्या भिंतीशी. दिवसभर तापलेली भिंत रात्री झाडाला ऊब देईल हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. गावातली म्हातारी माणसं हिवाळ्यात त्याच भिंतीला पाठ लावून बसतात, तेवढं पाहून त्यांनी ठरवलं. थंडीत ते मुद्दाम कढत पाण्याने आंघोळ करत, कारण ते पाणी पुढे झाडाला जाई. संध्याकाळी बुडाशी दोन बादल्या, ओली माती लवकर गार होत नाही म्हणून. वाऱ्याच्या बाजूला सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे मळणीच्या भुशाची, धुनी. आणि दिवस मावळला की झाडाच्या डोक्यावर वाकळ, म्हणजे आमच्या मायने जुन्या लुगड्यांची शिवलेली जाड गोधडी. सकाळी ऊन आलं की ती काढायची. आठ वर्षं, एकही दिवस न चुकता.

झाड लहान होतं तोवर हे उभ्या-उभ्या व्हायचं. पण झाडंच ती, वाढतात. सहाव्या वर्षी बाबांचा हात पोचेना, तेव्हा शिडी आली.

गाव चेष्टा करायचं. शेजारचे भिवाजी तर दर हिवाळ्यात पारावर सांगत, "शालिग्रामभाऊ थंडीले नारय द्याले निंघाले रे!" नोकरीवरून काढलेल्या माणसाच्या हातात नारळ देतात, तसा बाबा थंडीच्या हातात देणार, असा तो विनोद. बाबा स्वतःही हसत.

मला हसू येत नसे. या झाडापायी बाबा हिवाळ्यात एक रात्रही माझ्याकडे राहिले नव्हते. माझी पोरगी रंजीता जानेवारीतली. तिच्या वाढदिवसाच्या संध्याकाळी आजोबा कधीच नाहीत. सकाळी यायचे, दुपारी तीनला चुळबूळ सुरू, चारच्या जीपला पसार. माय गेल्यावर एकट्या माणसाने काहीतरी वेड लावून घेतलं असेल, असं मी धरून चालले होते. कुठल्यातरी पूजेच्या नारळाला कोंब आला असेल आणि लावला असेल. कधी विचारलंही नाही.

तर बाबा माझ्या घरी कॉटवर पडलेले. बाहेर थंडीची लाट आलेली. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी हाक मारली.

"मंजे, लय थंडी पडून राह्यली व. झाडावर वाकय टाकली का कोनी?"

"मले काय मालूम?"

"लिलाबाईले फोन लाव ना."

लिलाबाई म्हणजे भिवाजींची बायको. "लिलाबाईचे गुडघे गेले," मी म्हटलं, "थे शिडीवर चढन का? बाबा, हाड मोडलं तुमचं त्या झाडापायी. अजून जीव नाई भरला? मरू द्या त्याले एकदाचं!"

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, रुसले. मी मशीनवर जाऊन बसले. मग मागून आवाज आला, एकदम साधा, बाजारभाव सांगावा तसा.

"थो नारय तुह्या ओटीचा व्हय, मंजे."

माझा पाय मशीनच्या पॅडलवरच थांबला.

कोणती ओटी, हे त्यांना सांगावं लागलं नाही. आठ वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी माहेरी गेले होते. मायला दम लागत होता, चार पावलांत थांबायची. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर रिसोडला, डॉक्टरला दाखवू. ती म्हणाली, तूर निघू दे. मी म्हटलं आत्ताच चल. ती म्हणाली तूर. मी पेटले. लेक सासरी निघाली की ओटी भरायची म्हणून तिने तेवढ्यात ताट घेतलं होतं, गहू, खण, नारळ. मी म्हटलं, "तुले तूर पाह्यजे, जीव नाई पाह्यजे! राहू दे तुही ओटी तुह्याजोळ!" आणि निघाले. मागे वळूनही पाहिलं नाही. एकोणिसाव्या दिवशी माय गेली, तुरीच्याच वावरात, बांधावर बसल्या-बसल्या.

त्यानंतर रिठदहून मी कधी ओटी घेऊन निघाले नाही. लिलाबाई दर वेळी ताट घेऊन यायच्या, मी दर वेळी जीप चुकेल म्हणून पळायचे.

"तू गेली," बाबा सांगत होते, "आन तुह्या मायनं थो नारय कोनाड्यात ठेवला. म्हने, राग उतरला का येईन, तवा भरीन. मंग थेच गेली. तेराव्याच्या दिवशी मले दिसला. फोडू कसा? दुकानात वापस देऊ कसा? राहू देल्ला. होयीच्या टायमाले पाहतो त डोयातून कोंब निंघेल."

"मले सांगतलं काहून नाई?"

"सांगनार होतो ना. त्याले नारय लागला का थो लिलाबाईच्या हातानं तुह्या ओटीत घालनार होतो. मंग सांगनार होतो. नुसतं झाड दाखवलं असतं त तू रडली असती."

मी रडलेच. पण मशीनकडे तोंड करून, आणि मशीन चालवत, म्हणजे त्यांना ऐकू जाऊ नये. नंतर पाहिलं तर कोणाच्या तरी ब्लाऊजची बाही गळ्याला शिवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जीपने मी रिठदला गेले. झाडाकडे आठ वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. पुरुषभर उंच खोड, वर पसरलेल्या झावळ्या, काहींची टोकं थंडीने तांबूस झालेली. मधोमध भाल्यासारखी सरळ, मिटलेली, पोपटी पाती. नवं पान असं मिटूनच वर येतं. ज्वारीत त्याला आम्ही पोंगा म्हणतो, बाबा नारळातल्यालाही पोंगाच म्हणायचे. "त्याले एकच जीव हाय," ते सांगत, "थो त्या पोंग्याच्या बुडात. बाकी झावया गेल्या त जाऊ दे."

वाकळ शिडीखाली चिखलात पडली होती, बाबांबरोबर पडलेली ती तशीच. दवाने भिजून मणाची झाली होती. ती घेऊन मी शिडीच्या चौथ्या पायरीपर्यंत चढले आणि तिथेच थांबून हिशोब करायला लागले. वर रोज संध्याकाळी टाकायची, रोज सकाळी काढायची, रोज रिसोडहून येऊन? लग्नसराई तोंडावर, बावीस ब्लाऊज अंगावर. तेवढ्यात मला ओसरीत सोयाबीनच्या गंजीवर टाकायची प्लास्टिकची ताडपत्री दिसली. हलकी, कोरडी. पावसात सोयाबीनचा दाणा भिजू देत नाही, तिथे थंडीची काय कथा. मी ती झाडाच्या डोक्यावर टाकली, खालून नायलॉनच्या दोरीने गच्च आवळली आणि स्वतःवर खूश होऊन चारची जीप धरली. झाकलं ते झाकलं.

बाबा रोज संध्याकाळी विचारायचे.

"वाकय टाकली?"

"टाकली."

"सकायी काढते ना कोनी? ऊन पाह्यजे त्याले, वारा पाह्यजे."

"काढतात ना भिवाजीकाका. तुमी झोपा."

धडधडीत खोटं. भिवाजींना मी फोनही केला नव्हता. सहा दिवस ती ताडपत्री तशीच होती. रात्री थंडी आणि दिवसा लख्ख ऊन, आत काय होत असेल याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी शिंपीण, मला कापडाचं कळतं. प्लास्टिक हे कापड नव्हे, एवढं तरी कळायला हवं होतं.

सातव्या दिवशी मी ती सोडली. आतून वाफ आली, आणि वास. तीन दिवस विसरलेल्या भाजीच्या डब्याला येतो तसा. झावळ्यांच्या बेचक्यात पाणी साचलं होतं. पण पोंगा दिसायला ठीक होता, सरळ उभा. मला हायसं वाटलं. आणि मग मी ते केलं, जे ज्वारीवाल्याच्या घरातलं कोणीही केलं असतं. ज्वारीचं रोप वाळल्यासारखं वाटलं की आम्ही दोन बोटांत पोंगा धरून हलकेच ओढतो. घट्ट असला तर जित्ता. हातात आला तर आतून अळीने खाल्ला, पोंगेमर झाली. लहानपणापासून हजारदा केलेलं. हात आपोआप गेला.

पोंगा हातात आला. जोर लावावाच लागला नाही. खालचं टोक तपकिरी, गिळगिळीत.

मी शिडीवर तशीच उभी. हातात हातभर लांब पोपटी पाती. पहिल्या खेपेला ओटी टाकून गेले होते. आता उरलेलीही माझ्या हाताने गेली. हे मला तेव्हाच, तिथेच, स्पष्ट शब्दांत कळलं आणि मी मोठ्याने रडले.

लिलाबाई कुंपणापलीकडून गुडघे धरत आल्या.

"काय केलं व माय हे!"

"ओढला म्या. मेलं थे झाड, काकू."

"जवारीले पोंगेमर झाली त बाजूनं फुटवे निंघतात ना? याचेही निंघतीन."

नारळाला फुटवे नसतात. एकच जीव. लिलाबाईंना ते माहीत नव्हतं आणि मला सांगवलं नाही.

मी तडक रिसोडला जाऊन कृषी केंद्रात उभी राहिले. कोंब कुजलाय, औषध द्या. दुकानदाराने विचारलं, कोणतं पीक? नारळ म्हटल्यावर त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. बुरशीचं औषध दिलं, पाण्यात कालवून बेचक्यात ओता म्हणाला, आणि मग आशा ठेवा. तालुक्यात नारळासाठी ते नेणारी मी पहिलीच असेन. परत गेले, साचलेलं पाणी जुन्या ब्लाऊजच्या चिंध्यांनी टिपलं, औषध ओतलं. लिलाबाईंनी वर मूठभर हळद टाकायला लावली. जखमेवर हळद टाकायची नाही तर काय टाकायचं, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही.

मग मी आणखी एक गोष्ट केली, आणि ती सांगायला मला लाज वाटते. तुटलेला पोंगा पुन्हा त्याच भोकात खोचला. तो कलला. माझ्या पर्समध्ये दोऱ्याची गुंडी असतेच, लाल निघाली. त्या दोऱ्याने पोंगा शेजारच्या झावळीला बांधून सरळ उभा केला. बाबा घरी आले की मागच्या अंगणातल्या खाटेवरून पाहतील. त्यांना तो उभा दिसला पाहिजे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मलाच माहीत.

दुकान बंद करून मी दहा दिवस रिठदला राहिले. गिऱ्हाइकांनी फोनवरून माझा उद्धार केला. विनोद तिकडे बाबांचं करायचे आणि रात्री फोनवर म्हणायचे, "सासरेबुवा बरे हायत. तुमचं लेकरू कसं हाय?" मी वाकळ धुतली, वाळवली, उसवली. मायच्या हातचे टाके. जाड, वाकडे, पण एकही सुटलेला नाही. त्यातल्या मऊ लुगड्यांच्या दोन पदरांची मी एक कुंची शिवली. तान्ह्या बाळाला थंडीत घालतात ना डोक्यावरून पाठीपर्यंत, तशी. फक्त ही दीड खाटेएवढी. खाली नाडी ओवली. आणि लांब बांबूला आडवी काठी बांधून ती खालूनच झाडाच्या डोक्यावर चढवता-उतरवता येईल असं केलं. शिडी मी भिवाजींना देऊन टाकली. झाड मेलं असलं तरी माझा बाप परत त्या शिडीवर चढणार नव्हता.

जानेवारी संपता-संपता बाबांनी हट्ट धरला आणि वॉकर घेऊन रिठदला परतले. विनोदांनी खाट मागच्या अंगणात टाकली. बाबा झाडाकडे पाहत बसले. कुंची बांबूवर वाळत होती, पोंगा सरळ उभा. मी स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. चोराच्या मनात चांदणं.

"कुंची चांगली शिवली," ते म्हणाले. "तुह्या मायचं जांभयं लुगडं व्हय थे."

बस. एवढंच.

मी दर रविवारी जायचे. पोंगा पिवळा पडला, मग कडब्याच्या रंगाचा झाला. लाल दोरा उन्हाने फिका पडला. बाबा रोज न्हाणीचं पाणी सोडायचे, संध्याकाळी लिलाबाईंच्या मदतीने कुंची चढवायचे. म्हातारपण आहे, मोतीबिंदू आहे, दिसत नसेल, असं मी स्वतःला सांगायचे. पण मेलेल्या झाडाला माझा बाप पांघरूण घालतोय हे मला बघवत नव्हतं. होळीच्या आदल्या दिवशी ते काठीवर उभे राहून बुडाशी पाणी घालत होते आणि माझा धीर सुटला.

"बाबा, थे झाड मेलं. पोंगा म्या ओढला. वाकय नाई टाकली म्या, ताडपत्री टाकली. सहा दिवस काढलीच नाई. तुमाले खोटं सांगतलं." एका श्वासात सगळं बोलून टाकलं.

बाबांनी बादली खाली ठेवली.

"मले मालूम हाय."

"कवापासून?"

"आलो त्या दिवशीपासून. नारयाच्या पोंग्याले लाल दोरा राह्यते का व कुठं?"

"मंग बोल्ले काहून नाई?"

"तू येवढा बांधला होता. म्हतलं, राहू द्याव." ते खाटेवर टेकले. थोडा वेळ गुडघा चोळत राहिले. "दुसऱ्या हिवाळ्यात म्या बी ओढलता. जवारीवाला मानूस, हात थांबते का? आख्खा हातात आला. तू संक्रांतीले येनार होती, म्हून म्या बी थो परत खोचून उभा करून ठेवला होता. दोरा तेवढा नोयता बांधला. थे अक्कल तुही."

"मले तवा दिसला नाई."

"तू त्या झाडाकडे कधी पाह्यलं का?"

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले आणि ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले, लहानपणी ताप आल्यावर बसायचे तसे.

"मंग आला का थो? त्या खेपेले?"

"जेठात आला. लय उशिरानं बोलते हे झाड. तुह्यावानी नाई, का लगेच तोंड उघडलं."

मी वाट पाहायला लागले. मला वाट पाहता येत नाही. जीप पाच मिनिटं थांबली तरी मी ड्रायव्हरशी भांडते. एप्रिल गेला. खालच्या दोन झावळ्या वाळून लोंबल्या. ऊन बेचाळीसवर गेलं. मी फोन करून विचारायचे, बाबा म्हणायचे, पाणी देऊन राह्यलो. आलं का काही? पाणी देऊन राह्यलो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी विचारणंही सोडलं. झाड गेलं, मायची ती ओटी गेली, आपणच दोनदा घालवली, हे मनाशी मान्य करून मी लग्नाचे ब्लाऊज शिवत होते.

मे संपताना एका सकाळी बाबांचा फोन आला. ते स्वतःहून फोन लावत नाहीत.

"ये," म्हणाले, आणि ठेवला.

मी आणि विनोद गाडीवरच गेलो. बाबा झाडाशी उभे, काठी बगलेत. शिडी परत आलेली होती. भिवाजी ती धरून उभे होते. "वर चढ," बाबा म्हणाले. "सावकाश. तुही मांडी अजून चांगली हाय."

मी चढले. एकेक पायरी मोजत. हळदीचे डाग अजून होते. वाळका पोंगा भिवाजींनी काढून टाकला होता, आणि त्या भोकातून अंगठ्याएवढं काहीतरी वर आलं होतं. पोपटी. टोकाला वाकडं आणि तोकडं, घाईत कात्री चुकून कापड आखूड व्हावं तसं. मी असं कापड गिऱ्हाइकाला दिलं असतं तर त्याने तोंडावर फेकलं असतं. मला त्याच्यापेक्षा सुंदर काही आठवेना. मी दोन बोटं पुढे केली.

"पोंगा ओढू नोको!" खालून बाबा आणि भिवाजी एकदम ओरडले.

"नाई ओढत! हात लावून राह्यली फक्त!"

तो गार होता आणि घट्ट. मी बोट तसंच ठेवलं आणि मला रडू आलं. या वेळी मशीन नव्हतं, लपवायलाही काही नव्हतं.

दुपारी निघताना लिलाबाई ताट घेऊन आल्या. गहू, हळदकुंकू, हिरवा खण, नारळ. त्या दारातच थांबल्या, जीप चुकेल म्हणून मी पळते की काय ते पाहत. विनोद गाडी घेऊन पुढे गेले होते आणि मी जीपने जाणार होते; या वेळी जीप खरोखरच चुकली असती. मी पाट मांडला आणि बसले.

"नारय दुकानचाच हाय," बाबा ओसरीवरून म्हणाले. "झाडाचा याले अजून लय टाइम हाय. अजून बोंड बी नाई. आन पुढच्या हिवाळ्यात परत काय होते का सांगता येते?"

"असू द्या," मी म्हटलं.

लिलाबाईंनी कुंकू लावलं, पदरात खण-नारळ ठेवला आणि पाच वेळा ओंजळीने गहू घातले. आठ वर्षांनी माझ्या पदराला माहेरचं वजन लागलं. मायने भरली असती तर असाच एक गहू जमिनीवर सांडला असता आणि तिने तो उचलून परत पदरात टाकला असता. लिलाबाईंनीही तेच केलं.

बाबा काठी टेकत फाट्यापर्यंत पोचवायला आले. जीप भरत होती. ते माझ्या पदराकडे पाहत होते.

"इसरजो नोको या खेपेले," म्हणाले. "इसरली त मले अजून आठ हिवाये जगा लागन."

ते थट्टेने म्हणाले. त्यांचे गुडघे सुजलेले, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड, थंडीत ती सळई ठणकते म्हणून कोणाला सांगत नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग पदराची गाठ सोडली, गहू आणि खण तसेच ठेवले, नारळ काढला आणि त्यांच्या हातात दिला.

बाबा हातातल्या नारळाकडे पाहतच राहिले.

"हे काय व? मले नारय देऊन राह्यली का?"

"हाव," मी म्हटलं. "लावा."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी गव्हाची गाठ पुन्हा आवळून बांधली आणि जीपमध्ये चढून खिडकीशी सरकून बसले.